तांबडो दिसलो तर

साबाजी कुबल चिठ्ठी घेऊन आला,
मेकॅनिकने पाठवलेली:
'पिस्टन दुसऱ्यांदा बदललाय.
हे दुसऱ्या गिअरवर जामसंड्यापर्यंत जातात.
तुमच्याकडे काही उपाय असला तर बघा.'

माझं दुकान वायरलेसचं, फिश-फाइंडरचं,
झालंच तर मिक्सर.
गाड्यांचं काम मी घेत नाही.
पण हे काम गाडीचं नव्हतं, कानाचं होतं.

पंधरा वर्षं सहा सिलिंडरांपाशी
कानात कापूस कोंबून, मग सोळा सुकाणावर.
आता गिअर कधी बदलायचा
हे तो मांडीला विचारतो,
आणि मांडीही सत्तरीची.

कुठे बदलायचा, ते आकड्यात कोणालाच ठाऊक नव्हतं.
मी मागे बसले, डोळे मिटले,
इंजिन किंचाळायच्या जरा अलीकडे
त्याच्या खांद्यावर थाप मारली.
वीस थापा, वहीत वीस आकडे.
सहा हजार निघाले.

टपरीवर त्याने विचारलं, 'तेवा कसो आवाज येता?'
किती वेळ शब्द सापडेना.
मग पाटीवर लिहिलं:
मिक्सरमध्ये वाटण बारीक होत आल्यावर येतो, तसा.
'ता माका आठवता,' म्हणाला,
आणि चहा निवेपर्यंत काही बोलला नाही.

प्लगच्या वायरीभोवती तांब्याचे पाच वेढे.
टू-स्ट्रोक, म्हणजे फेऱ्याला एक ठिणगी;
ठिणग्या मोजायला नखाएवढी चिप,
आणि वर सात दिवे, रांगेत.
तीन हिरवे, दोन पिवळे, दोन लाल.
तीन हजारांना पहिला, पुढे पाचशेला एकेक,
धक्क्याच्या पायऱ्या भरतीने एकामागून एक घ्याव्यात तसे.
खारा वारा इथे तांब्याला आठवड्यात हिरवं करतो,
म्हणून सगळं एपॉक्सीत पुरलं,
बांगडा मिठात पुरतात तसं,
फक्त इथे मीठच बाहेर ठेवायला.

मिठमुंबरीच्या पुलावर कोणी नव्हतं.
हिरवे तिन्ही लागले, पिवळे दोन्ही,
मग लाल,
आणि साबाजीने मूठ सोडली,
गाडी सावकाश उजवीकडे घेतली
आणि थांबला.
गिअर तसाच. खाडी तशीच.
मी कठड्याला धरून उभी.

'बाय, तांबडो दिसलो म्हंजे
दुसऱ्याची व्हडी आडवी इली.
वाट आपण देवची.
हिरव्याक काय नाय, हिरव्याक सरळ जावचा.'

सोळा वर्षांचा हात. त्याला पाटीवर काय लिहून सांगणार?
पांढरा लावू?
'तो नांगरलेल्या व्हडीचो.'
निळा?
'निळो पोलिसांचो.'
माझा डबा रिकामा झाला.
शेवटी तोच म्हणाला, 'जांभळो बघ.
जांभळो कोणाचोच नाय.'

जांभळे दोन कोल्हापूरहून आले,
एसटीच्या पार्सलात, सहाव्या दिवशी.
बिल मी साडेतीनशे केलं. त्याने चारशे ठेवले
आणि सुटे नकोत म्हणून हात हलवला.

संध्याकाळी तो बंदरावरून वर चढतो.
दिवे त्याच्याकडे तोंड करून, मला दिसत नाहीत.
मी सोल्डरिंगची पिन बाजूला ठेवते
आणि ऐकते:
चढतंय, चढतंय, आता दुसरा पिवळा,
आता जांभळा,
आणि आवाज खाली येतो, बरोबर जागी.

बर्फाच्या कारखान्यापाशी मात्र
रोज थोडा उशीर होतो.
सेटिंग दोनदा तपासलं, ठीक आहे.
तिथल्या वळणावर सगळं बंदर दिसतं.