स्वदेश : तीस दिवस

सकाळी सात-वीसला, नेरुळच्या आमच्या काउंटरवर
देवकीबाईंनी कॅरीबॅग उलटी केली :
आधार, रेशनकार्ड, एकवीरेचा फोटो,
पासपोर्ट (त्याला सुक्या बोंबलाचा वास)
आणि रबरबँड लावलेलं एक हिरवं कार्ड.
वर अरबीत काहीतरी. खाली :
पद्माकर हसुराम तांडेल. टगबोट. सोहार, ओमान.

आत ईसीजीच्या वायरींत तांडेल,
बाहेर मी. इन्शुरन्स डेस्क, गेली नऊ वर्षं.
कुठलं कार्ड भांडेल, कुठलं गप्प बसेल,
कुठलं अर्ध्या बिलावर जीव सोडेल
ते मला रंगावरून कळतं.
हे चांगलं होतं. जगभर चालणारं,
अमेरिका वगळून.
बँकॉकला पडा, इस्तंबूलला पडा,
विमानाने उचलून नेतील.
फक्त कलम सात, पोटकलम ब :
स्वदेशात तीस दिवस.

पासपोर्टातला शिक्का शोधला
आणि पेरांवर मोजायला लागले.
कम्प्युटर मोजतो, पण असले दिवस मी हातानेच मोजते.
सदतीस.
"रजा वाढवलीत?"
"नात झाली ना पंचविसाव्या दिवशी.
बारसं कालच केलं."
ओच्यातून त्यांनी घुगऱ्यांची पुडी काढली
आणि ठेवली काउंटरवर, कागदांशेजारी,
जणू तोही एक पुरावा.

मस्कतचा मदत क्रमांक फिरवला.
बराच वेळ संगीत. मग एक मुलगा, इंग्रजीत.
त्याच्या मागे कुणीतरी ओरडलं,
"ए, माझा डबा कुणी हलवला?"
मी विचारलं, कुठून बोलताय?
तो थांबला. "ऐरोली, मॅडम."
ठाणे-बेलापूर रोडने वीस मिनिटं.
मग आम्ही दोघंही मराठीत आलो, आणि हळू बोलू लागलो,
आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसे.
त्याने कलम वाचलं. माझ्या स्क्रीनवरही तेच होतं.
"तीस दिवसांनंतर, मॅडम,
माणूस परत आला असं धरतात."

परत.
जिथे आता आमचं एमआरआय आहे
तिथे तांडेलांच्या आजोबांचं मिठागर होतं, म्हणे.
देवकीबाईंनी सांगितलं, तक्रार म्हणून नाही,
पत्ता सांगावा तसं.
साडेबारा टक्क्यांचा प्लॉट अजून फाइलीत आहे.
त्या फाइलीचे दिवस
कुणाच्या पेरांवर मावायचे नाहीत.

नऊ वाजता स्टेंट ठरला.
स्ट्रेचर माझ्यासमोरून गेलं,
तांडेलांनी मान उचलली :
"बाय, मना होरीन टाक,
बारा मैल भायेर ने,
तिथं दुखलं म्हनून लिव.
तिथं तं परदेश ना?"
वॉर्डबॉय हसला. मी हसले.
देवकीबाई हसल्या नाहीत.
त्या बहुतेक डिझेलचा हिशेब करत होत्या.

बिल भरलं. जावयाचं क्रेडिट कार्ड, दिवाळे गावातली भिशी,
आणि एक पाटली, जिच्याविषयी
काउंटरवर कुणी काही बोललं नाही.
नामंजुरीच्या फॉर्मवर 'कारण' असा रकाना असतो.
तिथे कलमाचा नंबर टाकायचा.
मी टाकला. मग उगीच पेन्सिलीने खाली लिहिलं,
रुग्ण घरी होता.
आणि स्कॅन करण्याआधी खोडलं.

घुगऱ्या दुपारी खाल्ल्या. मीठ जरा जास्त होतं.

पाच महिन्यांनी एक व्हॉइस मेसेज.
आधी इंजिन, मग ते :
"म्याडम, पोचलो. कार्ड चालू झाला.
आता काय बी झाला तं चालल."
मग पुन्हा नुसतं इंजिन. बंद करायला विसरले असावेत.
पाण्याचा आवाज, कुणीतरी मल्याळीत हाक मारलेली,
मग पाणीच.
समोर रांग होती, टोकन एकोणीस उभं होतं.
मी शेवटपर्यंत ऐकलं.