फेस काय डिझेल

सर्जेकोटपासून सतरा-अठरा वाव पाण्यात
आमच्या अकरा बोटी पांगलेल्या, काळोखात.
वायरलेसवर नेहमीचंच चाललेलं,
कुणाला बांगडा, कुणाच्या जाळ्यात नुसता कचरा.

मध्येच भाग्येश मेथरचा आवाज.
महिना झाला नव्हता त्याने सुकाणू धरून.
"इंजिन बंद पडलां. चालू कसां करतत?"

एवढंच.
कुणीतरी माइक दाबून हसलं.
कुणी म्हणालं, "बापाशीक फोन लाव."
कुणी म्हणालं, "रिक्षाक मारतत तसो धक्को मार."
हे रिक्षाचं मी म्हणालो.
लपवत नाही. तेव्हा मला ते
फार सुचल्यासारखं वाटलं होतं.

मग नुसती खरखर.
समुद्रावर एखादा आवाज गप्प होतो म्हणजे काय,
ते आम्हा अकराही जणांना माहीत होतं.

रुजाय फर्नांडिस हसला नव्हता. त्याने विचारलं,
"बंद पडताना आवाज कसो इलो?"
"खोकल्यासारखो."
"टाकी?"
"तळाक लागली हुती. आता कॅन ओतलंय."
"मगे पायपात हवा गेली. फिल्टराच्या डोक्यार
एक स्क्रू आसा. अर्धो फिरव, काढू नको,
काळोखात पडलो तर गावाचो नाय.
आता हातपंप मार. काय येता, फेस काय डिझेल?"
"फेस."
"मारीत रव."

आम्ही सगळे ऐकत होतो. बांगड्याचं कुणी बोलेना.
"आता?"
"फेस."
"मारीत रव."
म्हाताऱ्याला घाई नव्हती,
त्याचंही जाळं पाण्यातच होतं.
"डिझेल! डिझेल येता!"
"मगे आवळ."

सकाळी धक्क्याला लागल्यावर
मी पाना घेऊन माझ्याच इंजिनापाशी वाकलो.
बावीस वर्षं बोट चालवतोय.
तो स्क्रू कुठे असतो, मला ठाऊक नव्हतं.
दर वेळी तळाशीलचा मेकॅनिक यायचा,
मी बिडी ओढत बाहेर बसायचो.

मान वर केली, तर शेजारच्या बोटीत
चिंतामण टिकम, तोही वाकलेला.
पलीकडे आणखी एक पाठ.
कुणी कुणाला काही विचारलं नाही.

रुजाय टोपली घेऊन जाताना थांबला.
"गावलो?"
"नाय," मी म्हटलं, जरा हळूच.
"खंय बघू ता सांग."

त्याने सांगितलं नाही. भाग्येशला हाक मारली.
पोरगा उडी मारून आत उतरला,
माझ्याकडे बघितलं,
हसला नाही.
बोट ठेवून जागा दाखवली आणि म्हणाला,
"अर्धो फिरव. काढू नको."