प्लायवूड

शाम शुई पोमध्ये, सातव्या मजल्यावर,
एका घराची अकरा घरं केलीत मालकानं.
सहावं लाम फुक-चोईचं, सातवं माझं.
मध्ये प्लायवूड, बोटभरही जाड नाही.
तो कूस बदलतो, माझं कॅलेंडर हलतं.

एकतीस वर्षं त्यानं बांबूच्या परांच्या बांधल्या,
चाळीस-चाळीस मजले, कमरेला नायलॉनच्या पट्ट्यांचा जुडगा.
पाय एकदाच चुकला.
आता डाव्या मांडीत सळई,
आणि खोली एवढी, की दोन्ही हात पसरायचे
तर एकाची आधी घडी घालावी लागते.

पहाटे चारला मी मासळीबाजार धुऊन परतते,
मनगटाला खवले तसेच,
तेव्हा त्याची ताय ची सुरू होते.
पंख्याची वायर बाजूला सारल्याचा आवाज,
मग नुसता श्वास,
काठोकाठ बादली घेऊन
कुणी अंधारात जिना उतरावं तसा.

पांढरा बगळा पंख उघडतो:
एक पंख मीटरच्या पेटीला लागतो,
म्हणून बगळा अर्धाच.
माकडाला हुलकावणी देत मागे हटायचं:
मागे भाताचा कुकर.
मग तो हटत नाही, वजन तेवढं टाचेवर नेतो,
बाकीचं माकडानं समजून घ्यायचं.
वाघाला कवेत घेऊन डोंगराकडे परतायचं असतं,
तिथे तो कॉटवर बसतो.
वाघासकट.

संडासाच्या रांगेत एकदा विचारलं,
लाम-बाक, बागेत का नाही जात?
"उतरायला अर्धा तास," म्हणाला,
"चढायचं विचारू नकोस.
आणि बागेत काय, सगळ्यांनाच जमतं."

परवा वीज गेली.
पंखे थांबले, अकरा घरांचा एकच घाम झाला.
गार लागेल म्हणून मी तळहात भिंतीला टेकवला.
प्लायवूड माझ्याकडे किंचित वाकलं.
मी ढकललं नाही. सोडलंही नाही.
ते मागे गेलं, माझा हात त्याच्या मागे गेला,
मग ते पुन्हा आलं, आणि मी आत, कंबरेपर्यंत, वाट दिली.
किती वेळ, कुणास ठाऊक.
एक खिळा तेवढा कुरकुरत होता.

वीज आली. पलीकडे खोकला.
मी कॅलेंडर सरळ केलं.

सकाळी रांगेत, टॉवेल खांद्यावर,
माझ्याकडे न बघता म्हणाला,
"खांदे वर घेतेस.
सोड."