छापा, काटा

खाली पत्रा, त्यावर कागद,
कागदावर सेल्युलॉइडचा पापुद्रा,
मग पायाने दाब.
छापा पुढे, काटा मागे.
कापराचा वास केसांत, पावात,
नवरा म्हणतो, उशीतसुद्धा.

न्यूअर्क, एकोणीसशे पंधराचा सप्टेंबर.
पिवळे बिल्ले, तीस हजार.
मला इंग्रजी वाचता येत नव्हतं,
ओटिलीने वाचून दाखवलं: बायकांना मत.
मी म्हटलं, मत तर आहे की,
कुणी विचारत नाही एवढंच.
ती इतकी हसली
की क्रॅडॉकने दोघींचा पाव तास कापला.
त्याला झुझाना म्हणता येत नसे,
मी बारा नंबर.

गुरुवारी पिवळा कागद संपला, लाल आला.
त्यावर गुलाब.
हे काय म्हणतात?
म्हणतात, नको.
कोण म्हणतं?
त्याही बायकाच. मोठ्या घरच्या.

तोच पत्रा, तोच दाब, शेकडा तोच भाव.
गुलाबाला काटा आम्हीच लावला,
मागून, तारेचा, मिनिटाला बारा.

ओटिलीच्या तर्जनीचं एक पेर नाही.
ते कुठल्या रंगापायी गेलं, मी विचारलं.
निळ्या, म्हणाली.
बिअरची जाहिरात होती.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी
पुरुष रांगेत उभे राहिले.
आम्ही पाळीवर होतो.
दुसऱ्या दिवशी क्रॅडॉकने पेपर वाचला, घडी घातली,
उरलेल्या पिवळ्यांची पेटी
बुटाने भंगाराकडे सरकवली.

त्यातला एक मी उचलला.
कागद घसरलेला,
अक्षरं कडेवरून खाली उतरत होती,
जिन्यात कुणी हाक मारल्यासारखी.
थंडी सुरू झाली होती
आणि माझ्या कोटाचं वरचं बटण तुटलेलं.
तिथे टोचला. गळा झाकला.

ट्रॅममध्ये एक टोपीवाला वाकून म्हणाला,
तू त्यांच्यातली का?
मी म्हटलं, बटण तुटलंय.
खरंच तुटलं होतं.

मग नाताळ गेला.
पॅसेइकवरचा बर्फ कडाकडा फुटला.
क्रॅडॉकची नजर दोनदा गळ्याशी थांबली,
तो काही बोलला नाही.

घरात सुई होती.
दोराही होता,
काळा, कोटाला शोभेल असा.