अडतीस नंबरचं गाव

स्ट्रॉन्शियन. स्कॉटलंडच्या नकाशावर
भिंग घेऊन शोधावं लागतं.
तक्त्यात मात्र चटकन सापडतं: दुसरा रकाना,
कॅल्शियमच्या पायाशी, बेरियमच्या डोक्यावर.

इथल्या शिशाच्या खाणीत कधीकाळी
एक अनोळखी दगड हाती लागला,
एवढंच आमचं भांडवल.
खाण बुजली. वर मेंढ्या चरतात.

आज वर्गात नऊ जण.
तार क्षारात बुडवून ज्योतीत धरली
आणि गावाचं नाव लालभडक पेटलं.
“सगळ्यात बाहेरचे दोन,” मी म्हणाले,
“तेच निघून जातात. आतले सहसा हलत नाहीत.”

मार्सली खिडकीतून खाडी बघत होती.
भाऊ दोन तिला. एक उत्तर समुद्रात, तेलविहिरीवर.
दुसरा पर्थला; इथल्या नव्हे,
ऑस्ट्रेलियातल्या.
“मग मागे उरलेल्याचं नाव बदलतं, मिस?”

नाही गं. नाव प्रोटॉनवर ठरतं.
अडतीस. हवं तर मोजून घे.

ती वहीत टिंबं काढत राहिली,
दोन, आठ, अठरा, आठ,
आणि शेवटच्या वर्तुळावर
पेन्सिल टेकवून
तशीच बसली.