उतार

एकोणीस वर्षं हा ट्रॅक्टर उतारावरच झोपला.
हरेश्वर चोगल्यांचा, पासष्ट सालचा इंटरनॅशनल,
एकेकाळी लाल.
दिवसा बुरोंडीच्या वाळूवर होड्या ओढायच्या,
रात्री घरामागच्या घाटीवर नाक खाली करून उभं राहायचं,
चाकापुढे जांभ्याचा दगड.

पहाटे तो दगड काढायचं काम माझं.
आठ वर्षांचा होतो.
"लाथ मार नि बाजूला हो!"
घरंगळत निघायचा, फणसापाशी गिअर पडायचा,
एक आचका, एक ढेकर, काळा धूर,
आणि सुभद्राकाकी दोरीवरची लुगडी ओढत
आमच्या दोघांच्या सात पिढ्या काढायची.

स्टार्टर मेलाय, असं सगळे म्हणायचे
दूरच्या नात्यातलं कुणी गेल्यासारखं,
सुतक न पाळता.

यंदा जेसीबी आला. घाटी कापली,
काँक्रीट ओतलं. मुंगीसुद्धा घरंगळणार नाही
इतकं सपाट.
हरेश्वरकाकांनी दापोलीला फोन केला:
"बारक्या, तू मोटरी भरतोस ना रे?"

दोन बोल्ट. एक निघाला,
दुसऱ्याला रात्रभर रॉकेल पाजलं.
मोटर मांडीवर घेतली तेव्हा आतून
मूठभर पुळण सांडली, एक शिंपला,
आणि मेलेल्या गांधीलमाशीचं मातीचं घर.
कॉम्युटेटर कळकलेला,
पितळी पातेल्यात ताक राहावं तसा.
ब्रश झिजून नखाएवढे.
पारकरांच्या भंगारात लेलँडचा स्टार्टर होता,
त्याचे ब्रश घासून बसवले,
एक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने तांब्याच्या पट्ट्यांमधल्या
फटी कोरल्या, एकेक,
दात कोरणाऱ्या म्हाताऱ्यासारखा वाकून.

फ्लायव्हीलचे दात बॅटरीने पाहिले.
दोनच जागी झिजलेले. इंजिन बंद होताना
दर वेळी तिथेच येऊन थांबतं,
म्हणून दर वेळी त्याच दातांना मार.
काका म्हणाले, "आमच्या घरात पण तसंच हाय."
काकी काही बोलली नाही. आमसुलं भिजवलेलं पाणी
माझ्यासमोर आदळलं:
"ह्यानं घास. समया लखलखतात."
बॅटरीची टोकं खरंच लखलखली.

तरी कट्‌. नुसता कट्‌.
पुन्हा दाबलं. कट्‌.
एकोणीस वर्षांत तीन बॅटऱ्या बदललेल्या,
बटण बदललेलं, वायर बदललेली,
दोन मिस्त्र्यांशी भांडणं झालेली.
मी चॅसीच्या खाली उताणा,
छातीवर गंज पडतोय,
आणि तिथे, ऑइलच्या चिखलामागे, सापडली
अर्थची पट्टी. वेणीसारखी विणलेली.
बोट लावलं तर हिरवी भुकटी झाली.

म्हणजे करंट जात होता.
परत यायला वाट नव्हती.

हे मी मोठ्याने म्हटलं असणार,
कारण वर उभे असलेले काकांचे पाय
एकदम हलायचे थांबले.

पट्टी बदलली. बूड खरवडून पांढरं केलं, ग्रीस थापलं.
काकांनी बटणावर अंगठा ठेवला
आणि ठेवूनच दिला.
"दाबा की!"
"दाबतो रे."
मग तो आवाज, जाड, घसा खाकरल्यासारखा,
दोन वळसे, आणि इंजिन धरलं.
त्यांनी बंद केलं. पुन्हा सुरू केलं. बंद.
पाचव्यांदा काकी आतून ओरडली,
डिझेल काय खाडीतून येतं का.

दुसऱ्या दिवशी पकड विसरलो म्हणून गेलो.
ट्रॅक्टर अंगणात उभा, सपाटीवर, कोंबड्या खाली.
चाकापुढे दगड.
एका बाजूने गुळगुळीत झालेला, माझ्याच टाचेने.
काका ओटीवर जाळं शिवत होते.
माझी नजर कुठे गेली ते पाहिलं,
सुई दातात धरून म्हणाले,
"असू दे."