शनिवारचा हात

सोमवार ते शुक्रवार मी नाही म्हणते.
म्हणजे पतसंस्था म्हणते, सही माझी असते.
अकरा वर्षं, किसुमूत, बसस्टँडमागे, दुसऱ्या मजल्यावर
लाल शिक्का, निळा शिक्का,
आणि खिडकीतून, टपऱ्यांच्या पत्र्यांपलीकडे
सरोवराची एक पट्टी,
चार बोटं रुंद.

सुरुवात एका पाटीपासून झाली.
'जेवणाची सुट्टी, एक ते दोन.'
प्रिंटरची शाई संपली होती म्हणून मी ब्रशने लिहिली.
हप्ता भरायला आलेली एक बाई
त्या पाटीपुढे एक ते दोन उभी राहिली,
मग म्हणाली, हे कुणाचं अक्षर?
आमची होडी अजून बिननावाची आहे.

तेव्हापासून शनिवारी डुंगाचा काठ.
वाळत घातलेल्या ओमेनाचा वास, जलपर्णीत अडकलेल्या बाटल्या,
उलट्या घातलेल्या होड्यांची पोटं.
धाकटी अडोंगो खडूची दोरी धरते,
टर्पेंटाइन सांडते आणि
आई, तू इथे हळू बोलतेस, असं म्हणते.

पहिली होडी ओगुटूची, त्याच बाईच्या नवऱ्याची.
नाव हवं होतं 'एरोकामानो'.
आमच्या लुओत आभार. रोमन लिपीत नऊ अक्षरं.
मी पहिलं 'ई' असं ऐसपैस घातलं
की त्यात एखादं म्हातारं माणूस दुपारची झोप काढेल.
'आर'लाही हात आखडला नाही.
फळी संपत आली तशी अक्षरं अंग चोरू लागली,
आणि शेवटचा 'ओ' उभा राहिला
दारात अडकलेल्या पाहुण्यासारखा,
एक खांदा आत, एक बाहेर.

ओगुटूने बराच वेळ पाहिलं. ऊस चघळत.
आभाराचं असंच असतं, म्हणाला,
सुरुवात मोठी, शेवटी जागा पुरत नाही.
पैसे मात्र निम्मेच दिले.
उरलेल्याचे मासे.

महिन्याचा हिशेब:
एनॅमल रंग, दोन डबे. खारीच्या केसांचा ब्रश, एक.
मोटारसायकलचं भाडं, आठ फेऱ्या.
जमा तीन होड्या, एक चहाची टपरी.
वजा जाता एकशे चाळीस शिलिंग तोटा,
मासे धरले नाहीत.

गुरुवारी साहेब बाहेर गेले तेव्हा
मी एक कोरा अर्ज काढून भरला.
व्यवसाय: नावं लिहिणे.
अनुभव: सात शनिवार.
तारण: —
तिथे पेन थांबलं.
असे अर्ज मी ओळखते. हे लोक खुर्चीच्या टोकावर बसतात,
गरजेपेक्षा जास्त हसतात.
लाल शिक्का हातात घेतला, पॅडवर दाबला,
आणि तसाच धरून बसले
वाळेपर्यंत.
अर्ज ड्रॉवरमध्ये आहे. मंजूर नाही, नामंजूरही नाही.
अकरा वर्षांत असा अर्ज मी कुणाचा ठेवला नव्हता.

मावशी म्हणते, दोन डगरींवर पाय ठेवलेली बाई
मधल्या पाण्यात पडते.
असेल. पण मावशी, होडीत चढताना
प्रत्येकाचा एक पाय काठावरच असतो,
क्षणभर का होईना.
माझा क्षण जरा लांबलाय.
नोकरी सोडलेली नाही. फी भरायची आहे,
छपराचे पत्रे बदलायचे आहेत.
अंगठ्याच्या नखाखाली हिरवा रंग आहे, तो
बुधवारपर्यंत टिकतो.

परवा खिडकीशी एक तरुण आला, ओकेल्लो,
जाळ्यांसाठी कर्ज मागायला.
कागद अपुरे होते. मी नाही म्हणाले.
तो गेला नाही. माझं नख बघत राहिला.
मग खालच्या आवाजात,
त्या मोठ्या 'ई'वाल्या तुम्हीच ना?
शनिवारी असाल?

त्याच्या होडीचं नाव 'हेरा'. प्रेम. चारच अक्षरं.
आज सकाळी फळी घासून घेतली,
अडोंगोने दोरी ताणली,
आणि मी खडू घेऊन मोजायला लागले
शेवटच्या अक्षराकडून.